एका हाताचं पोहणं

चैत्र शु. ५, शके १८३५

आडतीवरून घरी आलो तर शांतव्वा परसात घंगाळापुढं बसलेली. दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात. चूल पेटलेली नाही, पीठ मळलेलं नाही. म्हटलं, काही पडलं का आत? म्हणाली, "न्हाय. नुसतं नीर बघत हुतो." बाई असून ‘बघत हुतो’ – आमच्याकडे बायका असंच बोलतात, पण हिच्या तोंडून ऐकताना मला उगाच हसू येतं. मराठी बोलता बोलता पाण्याला नीर म्हणून जाते तेही तसंच.

खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलली. माहेरी कृष्णा दाराशीच. ही पोर असताना नदी पोहून पलीकडं जायची, वाळवंटातलं कलिंगड फोडून खायची आणि म्हशीच्या धारेच्या आत परत. लग्नाला आता दोन वर्षं होतील. या दोन वर्षांत पाणी काय ते तांब्यातलं आणि डोक्यावरच्या घागरीतलं.

मी म्हटलं, मग दिवाळीला माहेरी गेलीस तेव्हा का नाही पोहलीस? तर त्यांच्या गावाचा रिवाज असा, की लग्न झालेल्या मुलीनं खोल पाण्यात एकटीनं उतरायचं नाही. नवरा नाहीतर भाऊ बरोबर पाण्यात पाहिजे. हिला भाऊ नाही.

आणि नवऱ्याला पोहता येत नाही! हे तिनं म्हटलं नाही. मीच मनात म्हटलं. तिनं हात पुसले आणि भाकरीचं पीठ घेतलं.

चैत्र शु. ६

ठरवलं. पोहायला शिकायचं. घरात कोणाला सांगायचं नाही.

चैत्र शु. ८

नुसतं शिकून काय करायचं? तिला घेऊन जायलाही हवं. एकदम सासरवाडीला नाही – आधी इथली पाण्याची ठिकाणं दाखवायची. रंकाळा, कळंबा, पंचगंगेचा घाट, चिखलीचं प्रयाग. मग शिरोळच्या वाटेनं तिचं गाव. दोघंच. चार-पाच दिवसांत फिरून परत.

गुळाचा हंगाम संपत आलाय. शाहूपुरीच्या पेठेत आता गुळाच्या रव्यांपेक्षा माशाच जास्त. तेव्हा सावकारांकडं – आडतीचे मालक सयाजीराव – रजा मागितली आणि त्यांची दमणीही मागितली, बैलांसकट. ते माझ्याकडं बघतच राहिले.

"आरं रेल्वे हाय की. मिरजंच्या गाडीत बस, दुपारी सासरवाडीत जेव."

"रेल्वेतनं वाटेत उतरता येत नाही, सावकार."

"वाटंत काय हाय?"

"पाणी."

सावकारांनी तपकीर ओढली. म्हणाले, तुझ्या डोस्क्यात ऊन गेलंय, पण बैलं ने, बसून बसून त्येंची पोटं सुटल्याती. माणूस मोठ्या मनाचा, तोंड तेवढं वाईट.

अव्वाची – आईची – समजूत काढणं कठीण गेलं. "नवराबायकोनं गाडी जुपून हिंडायला जायाचं? आपल्यात कुणी केलंय आसलं? सायब हाईस व्हय तू?" मग खिद्रापूरच्या कोपेश्वराचं दर्शन घेऊन येतो म्हटलं. महादेवाचं नाव आलं तशी गप्प झाली. तिथं जाणार आहेच, त्यामुळे खोटं नाही.

चैत्र शु. १०

कोटीतीर्थावर पहिला धडा. गुरू – गैबी टांगेवाला. लहानपणी आम्ही एका गल्लीत गोट्या खेळलो. तो सकाळी घोडं धुवायला तळ्यावर जातो आणि घोड्याच्या आधी स्वतः उडी टाकतो. त्यानं माझ्या पाठीला दोन वाळके भोपळे बांधले आणि मला पाण्यात लोटलं. शिकवण्याची रीत एकच – काठावर बसून ओरडायचं. "हात मार! आरं हात मार की!"

मी हात मारत होतो. पण एकच. डावा हात छातीवर, इष्टलिंगाच्या डबीवर घट्ट.

गैबी म्हणाला, "मल्लू, दुसरा हात कुणाला उसना दिलास?" मग त्याच्या ध्यानात आलं. "काढून ठेव की ती डबी हितं. मी बसतो राखत, घोड्याची आन."

त्याला सांगितलं, बाबा, आम्हां लिंगायतांत ते मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नसतं. बाई असो, पुरुष असो. त्यानं घोड्याच्या मानेवरची माशी हाकली. मग म्हणाला, "मग त्येला संगं घिऊन पव्ह. पन हात सोड."

हात सुटत नाही. मी सोडतो, तो आपोआप परत जातो. मला कारण ठाऊक आहे. माझ्या लहानपणी थोरल्या काकांचं इष्टलिंग घाटावर पुराच्या पाण्यात गेलं. दोरा कुजका होता. नवं लिंग घेऊन मठातून स्वामी येईपर्यंत काकांनी अन्न घेतलं नाही, पाण्याचा थेंब घेतला नाही. भिंतीला टेकून बसलेले. ओठ पांढरे पडलेले. मी दारातून बघत होतो. अव्वा मला ओढून आत नेत होती आणि मी चौकट सोडत नव्हतो.

पाणी म्हटलं की मला ते ओठ दिसतात.

चैत्र शु. ११

नाकात पाणी, कानात पाणी. गुळाच्या वखारीत उभा होतो तरी डोकं हललं की आत डबकं हलतंय असं वाटतं.

चैत्र शु. १३

पकडला गेलो. शांतव्वानं माझ्या डोक्याचा वास घेतला आणि म्हणाली, "ह्ये आडावरचं पाणी न्हवं. तळ्याचं हाय. शेवाळाचं." मी आधी नाही म्हटलं. मग सगळं सांगितलं – भोपळे, गैबी, डबीवरचा हात, काकांची गोष्ट. वाटलं, हसेल. ती हसलीच, भोपळ्यांवरून. काकांवरून हसली नाही.

मग सहल ठरवायचं काम तिनं माझ्या हातातून काढून घेतलं. सूप ओढलं, जोंधळे घेतले आणि जमिनीवर मांडायला बसली. गुळाचा खडा म्हणजे कोल्हापूर. एक मूठ जोंधळे म्हणजे रंकाळा. मी सांगायचं आणि तिनं विचारायचं – तळाला चिखल की वाळू? म्हशी कुठल्या अंगाला बसतात? बायका धुणं कुठं धुतात? पाणी उभं की वाहतं? मी या गावात जन्मलो, रोज रंकाळ्यावरून जातो, आणि तळाला काय आहे हे मला सांगता येईना. पाण्याला तळ असतो हेच मी कधी मनावर घेतलं नव्हतं.

प्रयागाशी चार नद्या मिळतात म्हटल्यावर तिनं जोंधळ्यांच्या चार रेघा ओढल्या आणि बराच वेळ बघत बसली. "हितं थंड आणि कोमट पाणी एकाच जागी लागंल बघा. पायाला कळंल." ती तिथं कधी गेलेली नाही. मी तिच्याकडं बघत राहिलो. अशी बायको मला कुणी आणि का दिली, मला उमगत नाही.

पूर्वेला शिरोळ. त्याच्या पलीकडं तिनं एकच जोंधळा ठेवला. तिचं गाव. आणि त्याच्यापुढं बोटानं एक लांब आडवी रेघ.

"ही आपुन दोगं पार करायची," म्हणाली. "जमंल न्हवं?"

मी हो म्हटलं. मग अव्वानं येऊन विचारलं, अन्न कुणी सांडलं, आणि आम्ही कोल्हापूर ते शिरोळ सगळं झाडून सुपात भरलं.

चैत्र पौर्णिमा

जोतिबाची यात्रा. गावात माणूस नाही आणि गावाबाहेर पाय ठेवायला जागा नाही. सासनकाठ्या, गुलाल, चांगभलं. सगळ्या गाड्या डोंगराकडं. आपण आठवडाभर थांबायचं.

चैत्र व. ४

शांतव्वानं जाड खादीची पिशवी शिवलीय. डबी आत, वर कापडी बंद, तो काखेतून पाठीवर. टाके दुहेरी. स्वतःसाठीही तशीच एक शिवली. मी ओढून बघितली, गैबीनं ओढून बघितली. घोड्याला लावली तरी तुटणार नाही म्हणाला.

पिशवी घालून पाण्यात उतरलो. पिशवी जागची हलली नाही. हात मात्र पहिल्यासारखाच जागी गेला!

संध्याकाळी मी तोंड पाडून बसलो होतो. ती म्हणाली, "रोज तळहातावर घिऊन त्येला आंगूळ घालता की. पाण्याचं भ्या देवाला न्हाय. तुमास्नी हाय." बोलली ते खरं. पण खरं कळलं म्हणून हात ऐकत नाही.

चैत्र व. ७

निघालो! पहाटे गार वाऱ्यात. दमणीत गवत, वर घोंगडं, भाकऱ्या, चटणी, दह्याचं गाडगं. शेजारच्या धोंडुबाई मुद्दाम बाहेर येऊन उभ्या. "कुठं म्हनायचं जोडीनं?" शांतव्वानं सरळ सांगितलं, "पवायला." बाई अजून तिथंच उभ्या असतील.

आधी कळंबा. तळं निळंभोर. पण ते गावाच्या पिण्याचं. राखणदार लांबूनच काठी हलवत आला. "पावणं, पाय बी बुडवायचा न्हाय!" शांतव्वा म्हणाली, बरोबर हाय त्येचं, आमी हेच पाणी पितो. काठावर बसून भाकरी खाल्ली आणि नुसतं बघितलं. राखणदाराला अर्धी भाकरी दिली. मग त्यानंच सांगितलं, वर भोगावतीवर महाराजांनी केवढं धरण काढलंय, एक दिवस सगळा डोंगर पाण्यात दिसेल. शांतव्वा त्याला विचारायला लागली – केवढं खोल? 

दुपार टळल्यावर रंकाळा. म्हशी, पैलवान, धुणी. तिथं बाईमाणसानं काय पोहायचं. तिनं पाय सोडले पाण्यात आणि सांगितलं, "चिखल. गुडघाभर." जोंधळे मांडताना मला सांगता आलं नव्हतं ते हे.

चैत्र व. ८

प्रयाग. उन्हाळ्यामुळं नदी आटलेली, वाळू वर आलेली. पाणी कमरेइतकं आणि इतकं स्वच्छ की पायाची बोटं मोजावीत. माणूस कुणी नाही. शांतव्वानं काष्टा खोचला आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. मग हाक मारली, "या, या, हितं पाय ठिवा." गेलो. एक पाय थंड पाण्यात, एक कोमट. तिनं सांगितलं होतं तसंच.

मग माझं पोहणं झालं. एका हातानं पोहणारा माणूस पुढं जात नाही, गोल फिरतो – हे आज दोघांनाही कळलं. मी तिच्याभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरलो. ती इतकी हसली की शेवटी पाण्यातच बसली. हसता हसता एकदम पालथी झाली आणि चार हात मारून आली. तेवढंच. खोल नाही, म्हणून चालतं म्हणाली.

ते चार हात! पाणी फुटल्याचा आवाज नाही. शिंतोडा नाही. मासा वळावा तशी वळली. चेहरा वर आला तेव्हा दोन वर्षांत मी न बघितलेलं काहीतरी त्यावर होतं. तिला नदी पार करायला मिळालीच पाहिजे. माझ्यापायी ती काठावर बसून राहणार असेल तर मी नवरा कसला.

चैत्र व. १०

रस्त्यावर. ऊन रणरणतंय. काल हातकणंगल्याला धर्मशाळेत मुक्काम केला. आज शिरोळच्या अलीकडं एका विहिरीवर बैलांना पाणी दाखवलं. शांतव्वा वाकून बघत म्हणाली, "हितं शिकला असता तर?" विहिरीत शिकतात म्हणे, कारण तिथं मागं फिरायला काठ नसतो.

दमणीत बसल्या बसल्या ती मला हात शिकवते. मी बैलांचा कासरा मांडीखाली धरतो आणि दोन्ही हातांनी हवेत पोहतो. वाटेनं जाणारा एक म्हातारा थांबून बघत होता. कोरड्यात मला दोन्ही हात येतात.

चैत्र व. ११

सासरवाडी. सासरे – रुद्राप्पा – वेशीपर्यंत सामोरे आले. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी, आणि मग न सांगता सगळे नदीवर. गावातल्या बायकाही आल्या. जावई पाण्यात उतरणार ही बातमी आमच्या दमणीच्या आधी कशी पोचली, देव जाणे.

कृष्णा मी पुलावरून, रेल्वेतून पाहिली होती. पायऱ्यांवरून पहिल्यांदा पाहिली. वाळवंट मोठं, पण मधली धार गडद हिरवी, गप्प. पलीकडं कलिंगडाच्या वेली दिसत होत्या.

उतरलो. छातीइतक्या पाण्यात गेलो. शांतव्वा शेजारी. पुढं तळ सुटतो म्हणाली. माझा डावा हात वर गेला. तिनं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं असेल.  ती म्हणाली, "उद्या," आणि माझ्याबरोबर मागं फिरली. पाठीमागं धार तशीच वाहत होती. तिनं वळूनही बघितलं नाही, ते मला जास्त लागलं.

घाटावर सासरे म्हणाले, "घाई न्हाय, जावाई. नदी कुटं जात न्हाय." चांगला माणूस. मला मान वर करता आली नाही.

चैत्र व. १२

आज आनंदाचा दिवस. नीट लिहितो.

सकाळी लवकर, घाटावर कोणी यायच्या आत, दोघंच गेलो. छातीइतकं पाणी. ती माझ्या पुढं वीतभर. एकदम तिनं छातीला हात लावला.  "दोरा तुटला," म्हणाली, "लिंग गेलं माझं!" आणि बुडी मारली.

वर आली ती धारेत. परत बुडी. परत वर, आणखी पुढं. एकटी, खोल पाण्यात.

त्यानंतरचं मला तुकड्या तुकड्यांनी आठवतं. काकांचे ओठ. तिचे ओठ तसे होतील. मी पाय उचलले. पाणी डोळ्यांवर आलं, गेलं. गैबी ओरडत होता, हात मार – तो इथं नव्हता तरी ओरडत होता. मी हात मारत होतो. कुठं जायचं ते मला ठाऊक होतं आणि मी तिथं जात होतो. गोल फिरत नव्हतो.

मधोमध तिचं डोकं वर आलं. मूठ उंच केलेली. "घावलं!" म्हणाली. मूठ छातीशी नेऊन लुगड्यात खोचली. मग माझ्याकडं बघून अगदी हळू बोलली, "आता थांबू नका. मागं लांब हाय. पुढं जवळ हाय. माज्या संगं या."

गेलो. तिच्या शेजारी शेजारी. वाळू पायाला लागली तेव्हा मी मोठ्यानं रडलो, लाज वाटली नाही. मग एकदम घाबरून छाती चाचपली. पिशवी जिथली तिथं, डबी आत, टाकासुद्धा ढिला नाही. अख्खी कृष्णा ओलांडेपर्यंत मला डबीची आठवण झाली नव्हती.

पलीकडच्या वाळवंटात मळेवाल्यानं कलिंगड दिलं. शांतव्वानं गुडघ्यावर आपटून फोडलं. वाहत्या धारेत इतकी बारीक गोष्ट हुडकून काढणारी बाई! मी हे तिला तीनदा म्हटलं. ती म्हणाली, "खावा आता."

परत येताना घाट माणसांनी भरलेला. दोघंही पोहत आलो. ती माझ्यासाठी हळू पोहत होती, मला कळत होतं. मधे एकदा म्हटलं, जा तू, मी येतो. मग मात्र जी सुटली! सासऱ्यांनी पटका काढून डोळ्यांना लावला.

चैत्र अमावास्या

कोपेश्वराचं दर्शन घेऊन घरी पोचलो. वाटेत ती गुणगुणत होती, कानडीत. दमणी सावकारांना दिली. अव्वाला, सावकारांना, धोंडुबाईंना – सगळ्यांना नदीची हकीकत सांगितली. गैबीला तर दोनदा. तो दुसऱ्यांदाही आनंदानं ऐकत होता, मग मधेच म्हणाला, "पन मल्लू, त्या पिशवीचा दोरा तुटला कसा?" मी म्हटलं, पाण्यापुढं दोऱ्याचं काय चालतं. त्यानं घोड्याच्या मानेवर थाप मारली आणि हसला.

वैशाख शु. २

शांतव्वा आज सकाळपासून जेवलेली नाही. पाणीसुद्धा घेतलं नाही. आज गुरुवार, सोमवार नव्हे. अव्वा विचारून थकली. दुपारी मी परसात गेलो, तिच्याजवळ बसलो. ती घंगाळाकडं बघत म्हणाली, "त्या दिशी माजं लिंग गळ्यातच हुतं. दोरा न्हवता तुटला. देवाचं नाव घिऊन खोटं बोललो. आजचा दिस उपाशी ऱ्हातो, मग फिटलं."

तिचे ओठ सुकलेले. 

आत अव्वानं माझं ताट वाढून ठेवलं होतं. ते झाकून ठेवलं आणि परत येऊन तिच्याशेजारी बसलो. खोटं ती बोलली, पण पोहलो मी होतो. उपास दोघांचा.